टाकी कुठे बसवायची?

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये पेट्रोल भरायचं तर चालकाला आधी उठावं लागे. त्याच्या बसण्याची गादी उचलली की खाली टाकीचं तोंड. सुमारे ५७ लिटर पेट्रोलवर बसून तो गाडी हाकत असे. आज हे ऐकताना अंगावर काटा येतो, पण त्या जागेचे फायदे खरे होते. टाकी दोन ॲक्सलच्या मध्ये असल्यामुळे पुढून किंवा मागून धडक बसली तर पहिला तडाखा तिला बसत नसे. चढउतारावर ती दगडाला घासत नसे, आणि भरलेली असो वा रिकामी, गाडीचा पुढचा-मागचा तोल फारसा बदलत नसे. बाजूने बसणारा मार मात्र थेट तिच्यावर आणि तिच्यावर बसलेल्या माणसावर. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत ज्या जीपा जोडायला घेतल्या, त्या याच घराण्यातल्या. पुढे अमेरिकेत १९७० च्या दशकात जीपच्याच सीजे मालिकेतली टाकी चालकाखालून निघाली आणि मागे, चासीच्या दोन दांड्यांच्या मध्ये गेली. १९९६ पासून २००६ पर्यंत बनलेल्या टीजे रँग्लरमध्येही ती मागच्या ॲक्सलच्या मागेच, पोलादी संरक्षक पत्र्यावर बसलेली होती. २००७ च्या जेके रँग्लरमध्ये ती पुन्हा ॲक्सलच्या पुढे आली. साठ-पासष्ट वर्षांत एकाच घराण्यातल्या गाडीच्या टाकीने तीन जागा पाहिल्या, आणि प्रत्येक जागा एक धोका टाळून दुसरा पत्करत होती.

डोंगरदऱ्यांत, वाळवंटात, दगडांच्या राशींवरून गाड्या नेणाऱ्यांना हा हिशेब स्वतःच मांडावा लागतो, कारण त्यांना टाकी हलवावी लागते. टीजे रँग्लरच्या पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर जेमतेम २३७ सेंटिमीटर. इतकी आखूड गाडी खड्या चढावर पुढची चाकं उचलू लागते, म्हणून दगड चढणारे हौशी लोक मागचा ॲक्सल दहा-पंधरा सेंटिमीटर मागे सरकवतात आणि सस्पेन्शनची हालचाल वाढवतात. आता चाक वर उचललं गेलं की ॲक्सलचा मधला गोल भाग, म्हणजे डिफरन्शियल, नेमका टाकीवर आदळतो. शिवाय उंच दगडावरून खाली उतरताना गाडीचं शेपूट टेकतं आणि त्या शेपटाखाली टाकीच असते. तेव्हा ती तिथून काढून वर, हौद्यात, मागच्या आसनांच्या जागी आणली जाते. बहुतेक वेळा याच टप्प्यावर कंपनीची मूळ टाकी बाद होते आणि तिच्या जागी फ्युएल सेल येतो. नावामुळे घोटाळा होऊ नये म्हणून सांगतो: हायड्रोजनपासून वीज तयार करणाऱ्या यंत्रालाही हेच नाव आहे, पण त्याचा इथे संबंध नाही. शर्यतीच्या जगात फ्युएल सेल म्हणजे आगीपासून बचावासाठी खास बांधलेली इंधनाची टाकी.

तो विकत आणून मोकळ्या जागेत बोल्टने आवळला की काम झालं, असा समज फार पसरलेला आहे. मला तो धोकादायक वाटतो. चांगला सेल मिळवणं हा या कामाचा सोपा भाग आहे. पेट्रोल जागच्या जागी राहतं ते सेल, त्याची बैठक, त्याला जोडलेल्या नळ्या आणि त्याच्या व माणसांच्या मधला पडदा या चौघांच्या जोरावर. यांतलं एक कच्चं राहिलं तर उरलेल्या तिघांवरचा खर्च वाया जातो. आणि घरगुती कामात सर्वांत कच्ची राहते ती बैठक आणि नळ्यांची जोडणी.

आधी सेलच्या आत काय असतं ते पाहू. बाहेर पोलादी किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा डबा. त्यात एक लवचीक पिशवी: नायलॉन किंवा त्याहून चिवट धाग्याच्या कापडावर इंधनाने न विरघळणाऱ्या रबराचा थर. डबा चेपला तर पिशवी फाटण्याऐवजी आकार बदलते. पिशवीत स्पंजासारखा जाळीदार फोम ठासून भरलेला असतो. त्याच्या आकारमानातला ९७ टक्क्यांच्या आसपास भाग पोकळच असतो, म्हणून इंधनाची जागा तो फारशी खात नाही. पण तो उसळणाऱ्या इंधनाला आवरतो, आणि रिकाम्या भागात साठलेल्या वाफेने पेट घेतला तर ज्वाळेला झपाट्याने पसरू देत नाही. वर एक जाड तबकडी असते. भरण्याचं तोंड, इंधन खेचणारी नळी, परतीची नळी आणि हवेची वाट हे सगळं त्या एका तबकडीवर एकवटलेलं असतं. भरण्याच्या तोंडाशी एक झडप असते. बाहेरची नळी उपटली गेली तरी ती मिटते. हवेच्या वाटेवर आणखी एक झडप असते, ती गाडी उलटताच बंद होते. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने, म्हणजे एफआयएने, अशा पिशव्यांसाठी एफटी३, एफटी३.५ आणि एफटी५ अशा चढत्या ताकदीच्या पायऱ्या ठरवल्या आहेत. बाजारात मात्र आत पिशवी नसलेले, नुसत्या जाड प्लॅस्टिकच्या खोक्यात फोम भरलेले डबेही फ्युएल सेल याच नावाने विकले जातात. ते साध्या टाकीपेक्षा बरे असतील, पण पिशवीच्या सेलकडून जी अपेक्षा ठेवायची ती त्यांच्याकडून ठेवता येत नाही. नाव एकच असल्यामुळे घेणारा फसतो.

हे तंत्र आलं ते जळून मेलेल्या माणसांच्या अनुभवातून. १९६४ सालच्या २४ मे रोजी अमेरिकेत शार्लट इथल्या शर्यतीत फायरबॉल रॉबर्ट्स हा नामवंत चालक पेटलेल्या गाडीत भाजला आणि २ जुलैला गेला. त्या अपघातानंतर सहाच दिवसांनी, ३० मे रोजी, इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत दुसऱ्याच फेरीत डेव्ह मॅकडॉनल्ड आणि एडी सॅक्स यांच्या गाड्या आदळून पेट्रोलचा आगडोंब उसळला आणि दोघेही मरण पावले. त्यानंतरच्या काही वर्षांत टायर बनवणाऱ्या फायरस्टोनसारख्या कंपन्यांनी रबरी पिशवीच्या टाक्या शर्यतीत आणल्या आणि नियमांनी त्या सक्तीच्या केल्या. रबराचं ज्ञान विमानांकडून आलं होतं. महायुद्धातल्या लढाऊ विमानांच्या टाक्यांना रबराचा असा थर असे की गोळीचं भोक पडताच इंधन लागून तो फुगे आणि भोक बुजवून टाके.

पण माझ्या मुद्द्याला सर्वांत मोठा आधार व्हिएतनाम युद्धातल्या हेलिकॉप्टरांचा आहे. अमेरिकी लष्कराच्या लक्षात आलं की कितीतरी अपघातांत माणसं आदळण्यातून वाचतात आणि नंतरच्या आगीत मरतात. १९७० पासून ह्युई हेलिकॉप्टरांत नवी इंधनयंत्रणा बसू लागली आणि वाचण्याजोग्या अपघातांत आगीने होणारे मृत्यू जवळजवळ थांबले. या यंत्रणेत न फाटणारी पिशवी होतीच. पण तिच्याबरोबर नळ्यांच्या जोडांवर अशा कड्या होत्या की ओढ पडली की त्या ठरल्या जागी तुटत आणि तुटताक्षणी दोन्ही बाजू आपोआप मिटत. नळ्या ताणून बसवलेल्या नव्हत्या, सांगाडा वेडावाकडा झाला तरी पुरेल इतकी ढील त्यांना ठेवलेली होती. हवेच्या वाटेवर उलटल्यावर मिटणारी झडप होती. लष्कराने नुसत्या पिशव्या बदलल्या असत्या तर हा निकाल लागला नसता, असं मी ठामपणे म्हणेन, कारण पुढच्या काळातले अपघात तेच दाखवतात.

फोर्डची पिंटो ही त्यातली सर्वांत गाजलेली गाडी. तिची टाकी मागच्या ॲक्सल आणि बंपर यांच्यामध्ये होती. मागून धडक बसली की टाकी पुढे ढकलली जाई, डिफरन्शियलवरच्या बोल्टांवर आपटून फुटे, आणि भरण्याची नळी टाकीतून निसटून पेट्रोल सांडे. १९७८ मध्ये कंपनीने सुमारे १५ लाख गाड्या परत बोलावल्या. तेव्हा केलेली दुरुस्ती पाहण्यासारखी आहे. टाकी तीच राहिली, जागाही तीच राहिली. टाकी आणि डिफरन्शियल यांच्यामध्ये प्लॅस्टिकची ढाल आली आणि भरण्याची नळी जास्त लांब, जास्त घट्ट बसणारी झाली. म्हणजे दोष टाकीच्या पत्र्यापेक्षा तिच्या शेजाऱ्यात आणि तिच्या जोडात होता. दुसरं उदाहरण अगदी वरच्या टोकाचं आहे. २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहरीनमध्ये रोमाँ ग्रोजाँची फॉर्म्युला वन गाडी ताशी १९२ किलोमीटरच्या वेगाने कठड्यात घुसली, दुभंगली आणि पेटली. तडाखा गुरुत्वाच्या ६७ पट होता. ग्रोजाँ अर्ध्या मिनिटाच्या आत स्वतः बाहेर आला. जगातल्या सर्वांत कडक नियमांत बसणारी पिशवी त्या गाडीत होती. एफआयएच्या चौकशीत आढळलं की सांगाड्यावरचं तपासणीचं झाकण उखडलं होतं आणि इंजिनाकडे जाणारी इंधनाची जोडणी पिशवीपासून तुटून निघाली होती. आगीला वाट मिळाली ती जोडापाशी. एवढ्या खर्चाच्या, एवढ्या तपासण्यांतून गेलेल्या गाडीत जोड हाच कच्चा दुवा ठरत असेल, तर गॅरेजमध्ये दोन दिवसांत बसवलेल्या सेलच्या जोडांकडे किती बारकाईने पाहायला हवं!

आता बैठकीकडे येऊ, कारण खरं लोहारकाम तिथे आहे. समजा सेलमध्ये ८० लिटर पेट्रोल आहे. त्याचं वजन सुमारे ६० किलो. डबा, पिशवी आणि चौकट मिळून १५ किलो धरले तर ७५ किलोचा ऐवज झाला. उभ्या गाडीत दोन माणसं तो सहज उचलतील. पण आदळताना वेग इतक्या झटक्यात थांबला की तडाखा गुरुत्वाच्या ३० पट झाला, तर तेवढा क्षण हाच ऐवज सव्वादोन हजार किलोच्या जोराने पुढे खेचेल. सामान भरलेल्या जीपएवढं ते ओझं आहे. हौद्याच्या तळाचा पत्रा एक-दीड मिलिमीटर जाडीचा असतो. त्याला चार भोकं पाडून चार बोल्ट आवळले तर बोल्ट तुटणार नाहीत. पत्राच फाटेल आणि सेल बोल्टांसकट पुढे, माणसांच्या पाठीवर येईल. म्हणून भार पत्र्यावर न येता चासीवर किंवा चासीला जोडलेल्या रोल केजच्या, म्हणजे माणसांभोवतीच्या संरक्षक पिंजऱ्याच्या, नळ्यांवर गेला पाहिजे. जिथे पत्र्यातून बोल्ट न्यावाच लागतो, तिथे खालून जाड आणि रुंद पट्टी द्यावी लागते, म्हणजे ओढ मोठ्या क्षेत्रावर वाटली जाते. सेलच्या डब्याला भोक पाडणं तर पूर्ण वर्ज्य, कारण आत शिरलेलं बोल्टचं टोक पिशवीवर रात्रंदिवस घासत राहतं. डबा अँगलच्या किंवा नळीच्या चौकटीत बसवायचा आणि वरून आडव्या-उभ्या पोलादी पट्ट्यांनी बांधायचा. गाडी उलटली तर पट्ट्या धरतील, धडकली तर चौकट धरेल. पट्टी आणि डबा यांच्यामध्ये रबर हवं, नाहीतर खडबडीत रस्त्यावर महिनोन्‌महिने चाललेल्या थरथरीने पट्टी डब्यात खाच पाडते.

इथे एक विरोधाभास आहे आणि तो नीट समजून घेतला पाहिजे. बैठक मजबूत हवी म्हणून ती जितकी ताठ करावी तितकी ती दगडांच्या वाटेवर लवकर तडकते. जीपची चासी शिडीसारखी असते आणि एक चाक खड्ड्यात, तिरकं समोरचं चाक दगडावर, अशा अवस्थेत ती चांगलीच पिळवटते. वरची बॉडी चासीवर रबरी बुशांवर तरंगते, म्हणून ती वेगळी हलते. सेलच्या चौकटीचे दोन पाय चासीला आणि दोन पाय बॉडीला जोडले, तर प्रत्येक खड्ड्यात दोघी त्या चौकटीला दोन दिशांना ओढतात. काही दिवसांत वेल्डिंगला चीर जाते आणि ती रंगाखाली दिसतही नाही. उपाय दोन आहेत. एक, सगळे पाय एकाच अंगाला जोडायचे. दुसरा, चाराऐवजी तीन जागी टेकवायचं, त्यातलं एक टेकण रबरी बुशावर. तिपाई कुठल्याही उंचसखल जमिनीवर डुगडुगत नाही, तीच गोष्ट इथेही खरी ठरते: तीन बिंदूंवर बसलेल्या चौकटीला चासीचा पीळ पोचत नाही. मजबुतीचं गणित इथे केवळ जाड लोखंडाने सुटत नाही. गॅरेजमध्ये हा मुद्दा सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो, असं माझं मत आहे.

एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. आम्ही काही शर्यत लावत नाही. दगडांवर गाडी चालण्याच्या वेगाने सरकते, मग कसली धडक आणि कसली तिसापट ओढ? आक्षेपात तथ्य आहे. जोराची धडक दगडांच्या वाटेवर क्वचितच होते. पण हळू जाणारी गाडी उलटते मात्र वारंवार, आणि उलटल्यावर ती तशीच पडून राहते. चालक पट्ट्यांत लोंबकळतो आहे, दार दगडाला टेकून अडलं आहे, विंच लावून गाडी सरळ करायला वेळ लागणार आहे, आणि या सगळ्या काळात सेल डोक्यावर उलटा आहे. हवेची वाट नीट मिटली नाही तर पेट्रोल थेंबाथेंबाने ठिबकतं. त्याची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, ती सखल जागी साठते. हवेत दीड टक्क्यापासून साडेसात टक्क्यांपर्यंत वाफ असली की ठिणगी पुरते. तापलेला सायलेन्सर आणि तुटलेल्या वायरी शेजारीच असतात. वेगवान शर्यतीतल्या आगीला मोठा तडाखा लागतो. संथ गाडीला एक ढिला क्लॅम्प आणि दहा मिनिटं पुरतात. म्हणून संथ चालवणाऱ्यांनी चौकटीच्या जाडीत थोडी काटकसर केली तर एकवेळ चालेल, पण झडपा आणि नळ्यांच्या बाबतीत त्यांना शर्यतवाल्यांपेक्षाही जास्त काटेकोर राहावं लागेल.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. टाकी गाडीखाली होती तेव्हा पेट्रोल माणसांपासून पत्र्यापलीकडे होतं. ती हौद्यात आणली म्हणजे आग घरात आणली. हे खरं आहे, आणि म्हणूनच हौद्यातल्या सेलला पडदा हवाच. मागचा भाग आणि बसण्याची जागा यांच्यामध्ये धातूच्या पत्र्याची सलग भिंत हवी, तिच्यातून जाणाऱ्या प्रत्येक वायरीभोवती फट बुजवलेली हवी. महाराष्ट्रात सीएनजीच्या गाड्या वापरणाऱ्या वाचकांना हा विचार ओळखीचा वाटेल. डिकीतल्या सिलिंडरच्या झडपेवर एक पारदर्शक पिशवी असते आणि तिच्यातून निघालेल्या नळ्या गाडीच्या तळातून बाहेर उघडतात. गळती झालीच तर वायू माणसांच्या जागेत न येता बाहेर जावा, एवढाच तिचा हेतू. सिलिंडर पट्ट्यांनी आणि कंसांनी बांधलेला असतो आणि त्याची दर तीन वर्षांनी दाबाची चाचणी करावी लागते. सीएनजीच्या बाबतीत आपण जी शिस्त निमूटपणे पाळतो तीच पेट्रोलला लागू करायची आहे. सेल भरण्याचं तोंड गाडीच्या आत ठेवू नये. ते बाहेरच्या अंगाला, लवचीक नळीने जोडलेलं असावं, म्हणजे सांडलेलं पेट्रोल गालिच्यात मुरत नाही. हवेची नळीही बाहेर, खाली, सायलेन्सरपासून दूर उघडली पाहिजे. ती नेताना सेलच्या माथ्यावरून एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत वळसा देतात, म्हणजे गाडी कोणत्याही कुशीवर पडली तरी नळीचा एखादा भाग पेट्रोलच्या पातळीच्या वर राहतो. झडप अडकली तरी हा वळसा काम करतो. हवेची वाट बुजवून टाकणं हा मात्र उपाय नव्हे. पंपावरच्या जमिनीखालच्या गार टाकीतलं ७० लिटर पेट्रोल सेलमध्ये भरलं आणि उन्हात ते २० अंशांनी तापलं, तर ते सव्वा लिटरहून अधिक फुगतं. त्याला जागा हवी, आणि वाट हवी.

तिसरा आक्षेप तोलाचा. वजन वर नेलं की गाडी लवकर उलटणार नाही का? हा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. सोळाशे किलोच्या गाडीत ६० किलो पेट्रोल अर्धा मीटर वर नेलं, तर सबंध गाडीचा गुरुत्वमध्य जेमतेम दोन सेंटिमीटर वर जातो. चाकांमधलं अंतर दीड मीटर आणि गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटर उंच धरला तर उभी गाडी कुशीवर कोसळण्याचा कोन सुमारे ४७ अंश येतो. सेल वर नेल्यावर तो ४६ अंशांच्या थोडा वर राहतो. एका अंशापेक्षा कमी फरक. मोठे टायर आणि उंच स्प्रिंग लावून याच्या कितीतरी पट उंची हौशी लोक एका दुपारी वाढवतात. पुढे-मागे सरकण्याचा परिणाम मात्र मोठा आहे. २४० सेंटिमीटर ॲक्सल-अंतराच्या गाडीत ६० किलो वजन मागच्या ॲक्सलच्या ६० सेंटिमीटर मागे लटकलं, तर मागच्या चाकांवर ७५ किलोचा भार येतो, आणि पुढच्या चाकांवरून १५ किलो उचलले जातात. खड्या चढावर, जिथे पुढची चाकं आधीच हलकी झालेली असतात, तिथे हे पंधरा किलो महागात पडतात. तेव्हा सेल वर नेण्याची भीती बाळगण्यापेक्षा तो ॲक्सलच्या पुढे, आसनांच्या पाठीशी, रोल केजच्या नळ्यांच्या आत आणावा. तिथे गाडी कुठूनही चेपली तरी सेलपर्यंत पोचण्याआधी चेपायला काहीतरी शिल्लक असतं. वाळवंटी शर्यतीचे मोठे ट्रक सेल चालकाच्या पाठीमागे चासीच्या दांड्यांमध्ये ठेवतात, त्यामागेही हाच विचार आहे.

पंपाबद्दल थोडक्यात. आजच्या इंजिनांना तीन-साडेतीन बार दाबाचं अखंड पेट्रोल लागतं. चढावर सगळं पेट्रोल सेलच्या मागच्या भिंतीशी गोळा होतं आणि खेचणारी नळी पुढे असेल तर तिला हवा मिळते. इंजिन गचके खातं, बंद पडतं. ही नुसती गैरसोय नाही. बंद इंजिनाबरोबर पॉवर स्टिअरिंग आणि ब्रेकची मदतही जाते, तीही खड्या चढाच्या मध्यावर. म्हणून खेचण्याची जागा सेलच्या मागच्या, खोल भागात असावी. विजेचा पंप ढकलण्यात तरबेज आणि ओढण्यात कच्चा असतो, तेव्हा तो सेलच्या आत किंवा त्याच्या पातळीखाली असावा. इंजिन थांबलं की पंपही थांबेल अशी विजेची जोडणी तर असायलाच हवी, नाहीतर तुटलेल्या नळीतून तो सेल रिकामा करत राहील.

भारतात या सगळ्याला कायद्याची चौकट आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार उत्पादकाने ठरवलेल्या स्वरूपापेक्षा वेगळं होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे अधिक स्पष्ट केलं. रस्त्यावर चालणाऱ्या नोंदणीकृत गाडीची टाकी काढून हौद्यात सेल बसवणं या कलमाच्या विरोधात जातं. मला हा नियम योग्य वाटतो. कंपनीची टाकी तिच्या जागी, त्या सांगाड्यात, धडकेच्या चाचण्यांतून गेलेली असते. ती हलवली की त्या चाचण्यांचा आधार संपतो. फ्युएल सेलची खरी जागा स्पर्धेच्या गाडीत आहे. गोव्यात २०१४ पासून भर पावसात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांत गाड्या चिखलात रुततात, ओढ्यांत बुडतात, कुशीवर पडतात. तिथे मूळ जागेवरची टाकी खरोखरच अडचणीची ठरू शकते. आपल्याकडे आणखी एक बाब आहे. भारतातल्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. काही जातीचे फोम मद्यार्कात हळूहळू कुजतात, त्यांचे कण सुटतात आणि फिल्टर बुजवतात. पाणीही इथेनॉलकडे ओढलं जातं. सेल मागवताना त्याचा फोम आणि पिशवी इथेनॉलला टिकणारी आहे का, हे विचारूनच घ्यावं.

मूळ टाकी काढताना एक चूक जिवावर बेतते. टाकी रिकामी केली म्हणजे ती निर्धोक झाली असं समजून तिच्याजवळ वेल्डिंग केलं जातं. काठोकाठ भरलेल्या टाकीपेक्षा तळाशी पेलाभर पेट्रोल उरलेली टाकी जास्त स्फोटक असते, कारण तिच्यात वाफ आणि हवा यांचं नेमकं पेटणारं मिश्रण तयार असतं. चासीवरचं सगळं वेल्डिंग जुनी टाकी गाडीपासून दूर नेल्यावर आणि नवा सेल आणण्यापूर्वी उरकायला हवं. चौकट वेल्ड केली तरी सेल तिच्यात वेल्ड करू नये. तो बोल्ट सोडून बाहेर काढता आलाच पाहिजे. पिशवीचं रबर म्हातारं होतं. एफआयएच्या नियमांत प्रमाणित पिशवीचं आयुष्य बनल्याच्या तारखेपासून पाच वर्षांचं धरलं आहे, उत्पादकाने तपासून प्रमाणित केलं तर आणखी दोन. ती तारीख पिशवीवर छापलेली असते आणि सेल बसवल्यावर बहुधा पट्टीखाली झाकली जाते. बसवण्यापूर्वी ती टिपून गाडीत दिसेल अशा जागी लिहून ठेवावी. सेल दरवर्षी एकदा काढून फोमचा तुकडा बोटांत चुरून पाहावा. तो भुगा होऊ लागला असेल तर तारीख काहीही असो, तो बदलायची वेळ झालेली असते. आणि त्याच वेळी चौकटीच्या वेल्डिंगवरचा रंग खरवडून, पाय चासीला जिथे जोडले आहेत तिथे, भिंगातून चीर शोधावी.